सही व्हायच्या आत

९ जानेवारी

ठकू,

सकाळपासून एक आवाज कानात घर करून बसलाय. चौथीच्या वर्गातला. चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची, गुरुजी लाकडी पट्टीनं टेबलावर ताल धरायचे, आणि एक ओळ संपून दुसरी सुरू व्हायच्या आत सगळा वर्ग एकदम श्वास घ्यायचा. त्या श्वासाचा आवाज. कविता कोणती ते आता धड आठवत नाही. कुठली तरी होडी होती, कुठलं तरी पाणी. पण चाळीस छात्यांमध्ये एकाच वेळी हवा शिरल्याचा तो आवाज अजून तस्सा ऐकू येतो. पुढची ओळ ज्याला येत नसे, तो त्या श्वासातच पकडला जायचा. त्याचा श्वास जरा लांबायचा.

चौदा वर्षांनी बापाचं पत्र यावं आणि त्यात चौथीची कविता निघावी! तू म्हणशील, म्हातारा काही सुधारला नाही. नाहीच सुधारला. आशीर्वाद तुला हवे असोत नसोत, पाठवतोय. त्यांचं वजन होत नाही, जादा तिकीट लागत नाही.

पत्र लिहायचं कारण म्हणजे तुझी लेक. दोन वर्षांपूर्वी ती इथल्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि राहायला माझ्याकडे आली, तेव्हा तू तिला अडवलं नाहीस. त्याचे आभार मानायचे राहून गेले होते. मी तिला भिंगरी म्हणतो. घरात असली की एका जागी ठरत नाही, दात घासतानासुद्धा तीन खोल्या फिरते. कामावर ती पेशी वाढवते. प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत, गुलाबी पाण्यात. सुटीच्या दिवशीही त्यांना खायला घालायला जाते. मी म्हटलं, "गोठ्यात गुरं असली की असंच असतं बाई, मालकाला सुटी नाही." तर म्हणते, "आजोबा, गुरं निदान हंबरतात तरी. ह्या गपचूप मरतात."

मजेत आहे ती. थोडी वाळलीय, पण थंडीत सगळेच वाळतात. बाकी विशेष काही नाही.

तुझ्या नवऱ्याला नमस्कार. दर नव्या वर्षाला त्याचा दोन ओळींचा निरोप न चुकता येतो. शहाणा माणूस, दोन्हीकडून गप्प राहतो.

— बाबा


२ फेब्रुवारी

ठकू,

"बाकी विशेष काही नाही" हे मी खोटं लिहिलं होतं. पेटीत टाकतानाच हात अडखळला होता, पण पेटीच्या तोंडात अर्धं गेलेलं पत्र ओढून काढताना कुणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं?

भिंगरीनं अर्ज केलेत. अकरा ठिकाणी. डॉक्टरकी आणि संशोधन दोन्ही एकत्र शिकवतात तो आठ वर्षांचा अभ्यासक्रम. आधी वॉर्ड, मग प्रयोगशाळा, मग पुन्हा वॉर्ड. एकेका ठिकाणी जागा सात-आठ आणि अर्ज शेकड्यांनी. माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन दगडांवर पाय कशाला ठेवतेस?" ती म्हणाली, "दोन दगडांवर पाय ठेवल्याशिवाय ओढा कसा ओलांडायचा, आजोबा?" तुझीच पोर. उत्तर तयारच असतं.

हे तुला कळवायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे. "आईला निकाल लागल्यावरच सांगायचं. कच्चा रिपोर्ट तोंडी द्यायचा नाही, हा तुमचाच नियम ना?"

माझाच. अडतीस वर्षं त्याच नियमावर भाकरी खाल्ली. तुला आठवतं का, शाळा सुटली की तू हॉस्पिटलच्या त्या मागच्या खोलीत यायचीस? माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवून आम्ही यंत्रावर त्याच्या चकत्या कापायचो, केसाच्या विसाव्या भागाइतक्या पातळ. दांडा फिरवताना हात एका लयीत राहावा म्हणून मी शाळेतल्या कविता म्हणायचो. एका ओळीला चार चकत्या. तू शेजारी स्टुलावर बसून ओळीचा शेवटचा शब्द म्हणायचीस. मग त्या चकत्या कोमट पाण्यावर तरंगायच्या, मी त्या काचेवर उचलायचो, माझा सोबती त्यांना रंग चढवायचा. गुलाबी आणि जांभळा. त्याला आम्ही सगळे रंगारी म्हणायचो. त्या स्लाइडवर काहीही दिसो, आपण तोंड उघडायचं नाही. मोठ्या डॉक्टरांची सही झाली की तो रिपोर्ट. त्याआधी नुसते रंग.

हा नियम आपल्या घरात कुणाला किती महाग पडला, ते तुला मी सांगायला नको.

म्हणूनच ह्या खेपेला तो मोडतोय. भिंगरी रागावेल. रागावू दे. तू तिची आई आहेस, तिच्याबरोबर वाट बघण्याचा तुझा हक्क आहे, मी मध्ये बसून तो गिळायचा नाही असं ठरवलंय.

अकरांपैकी पाच ठिकाणांहून नकार आलाय. चार ठिकाणी मुलाखती आहेत. दोन अजून मुकी आहेत.

— बाबा


२१ फेब्रुवारी

ठकू,

आज भिंगरीची तिसरी मुलाखत झाली. हल्ली मुलाखतीला जायचं नसतं, घरातच पडद्यासमोर बसायचं. तिनं माझं इस्त्रीचं टेबल घेतलं, त्यावर चार जाड पुस्तकं आणि त्यावर कॉम्प्युटर. वर कोट, खाली घरातला पायजमा. "हे त्यांना दिसलं तर?" मी विचारलं. "आजोबा, उभं राहायला सांगितलं तर निवड झाली असं समजायचं," ती म्हणाली आणि मला पलीकडच्या खोलीत कोंडलं.

भिंत पातळ आहे. मी कान देऊन ऐकत नव्हतो. ऐकू येत होतं.

तिकडून एका बाईंनी विचारलं, नुसती डॉक्टर का नाही? नुसतं संशोधन का नाही? भिंगरी म्हणाली, "मी नऊ वर्षांची होते तेव्हा माझ्या आजीच्या गाठीचा रिपोर्ट पाच दिवसांनी आला. तो आला त्याच दिवशी आजीची वाचा गेली होती. आई तिच्याशी एक शब्द बोलू शकली नाही. तो रिपोर्ट एका दिवसात का येऊ शकत नाही, हा प्रश्न मला पेशंटजवळ बसून पडला. त्याचं उत्तर प्रयोगशाळेत आहे. मला दोन्हीकडे जायला हवं."

मग त्या बाई म्हणाल्या, "थँक यू." त्यांचाही आवाज जरा ओला होता.

माझ्या हातात चहाचा कप होता. तो खाली ठेवायचा कुठे ते सुचेना.

ठकू, तू तिला सांगितलं नाहीस. चौदा वर्षांत नाही. ती समजते, रिपोर्ट उशिरा आला. आपल्या दोघांचं बोलणं का तुटलं, तर तिच्या हिशेबी दुःखानं माणसं अशी होतात. बापाची अब्रू तू लेकीपासून झाकून ठेवलीस आणि बापाशी मात्र बोलली नाहीस. ह्याला काय म्हणावं मला कळत नाही. माझ्या शाळेच्या पुस्तकात असा धडा नव्हता.

बाहेर येऊन तिनं विचारलं, "कशी झाली?" मी म्हटलं, "मला काय ऐकू येतंय!"

— बाबा


१४ मार्च

ठकू,

वाट बघणारं माणूस घरात असलं की घड्याळसुद्धा पाय न वाजवता चालतं.

भिंगरी सकाळी उठून आधी टपाल बघते. फोनवरचं. मग दात. मग पुन्हा टपाल. मेलपेटीत काही आलं की फोन एकदा थरथरतो, आणि ती ज्या खोलीत असेल तिथून झेपावते. शंभरातल्या नव्याण्णव वेळा कुणीतरी चपला विकत असतं. परवा तिनं फोन टॉवेलात गुंडाळून डब्यात घातला, डबा कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. "संध्याकाळपर्यंत मागितली तरी द्यायची नाही." अकरा वाजता आली. "आजोबा, किल्ली." मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "कपाटात माझे मोजे आहेत." मोजे घालून बाहेर पडायला तिला पाऊण तास लागला.

शिवाय फोनवर तिची एक चावडी आहे. देशोदेशीचे तिच्यासारखे उमेदवार तिथे रात्रंदिवस लिहीत बसतात: अमुक संस्थेचे फोन कालपासून सुरू झाले, तमुकचे नकार शुक्रवारीच येतात. कुणी लिहितं, मला आला. की ही चोवीस तास गप्प. कुणी लिहितं, मला नाही आला. की ही त्याला दोन पानं लिहून धीर देते. ज्याला कधी पाहिलं नाही त्याला! मी म्हटलं, हाच धीर जरा घरातही वापरावा. तर म्हणाली, "घरचा संपलाय, उसना आणायला जाते तिथे."

तिला हसवायला मी शाळेच्या चालीत दोन ओळी बांधल्या:

निकाल येइल, येइल तेव्हा,
तोवर चहा का गार करावा?

"आजोबा, यमक जुळत नाही."

"ओढून म्हटलं की जुळतं. आमच्या गुरुजींची पट्टी असती तर तुझंही जुळलं असतं."

हसली. त्या दिवशी अकरांतला दहावा नकार आला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आता एकच राहिलंय. तिसरी मुलाखत झाली ते ठिकाण, ओल्या आवाजाच्या बाईंचं. तिथे ती प्रतीक्षायादीत आहे, दुसरी. पुढच्या दोघा-चौघांनी दुसरीकडे जागा घेतली तर हिला वाव. तीस एप्रिलला यादी बंद. म्हणजे आपलं बरं व्हावं म्हणून दुसऱ्या कुणाचं आणखी बरं व्हायची वाट बघायची. तिला हे लाजिरवाणं वाटतं. मी म्हटलं, त्यात लाज कसली? बसमध्ये उभा असलेला माणूस बसलेल्याचा स्टॉप लवकर यावा असंच म्हणत असतो, त्याचं वाईट व्हावं असं थोडंच म्हणतो?

आणि तुला लिहितो ते तिला कळलं. टेबलावर पाकीट राहिलं, तुझा पत्ता वर. पाकिटाकडे बघत उभी राहिली. मला वाटलं आता कडाडेल.

"आई वाचते?"

"परत येत नाहीत, एवढंच मला माहीत."

"उत्तर?"

"उत्तराचा नियम नाही."

ती म्हणाली, "माझ्या अर्जांचं लिहिलंत?" मी हो म्हटलं. तिनं ओठ घट्ट मिटले. मग पाकीट उचललं, तिकीट वाकडं लागलं होतं ते सरळ केलं, आणि जाताना स्वतःच पेटीत टाकलं.

— बाबा


६ एप्रिल

ठकू,

यादी हलत नाही. भिंगरी आता बोलत नाही, घरभर भिरभिरतही नाही. एका जागी बसते. मला ते बघवत नाही, म्हणून तुला हे लिहायला बसलो. तिचं वाट बघणं मी इकडून बघतो तेव्हा मला तुझं वाट बघणं दिसतं. चौदा वर्षांपूर्वीचं. तेव्हा मी दुसऱ्या बाजूला होतो. मला माहीत होतं.

जे तुला ठाऊक आहे ते आधी एकदा माझ्या अक्षरात लिहितो, कारण मी ते कधी उच्चारलेलं नाही. तुझ्या आईच्या मानेतली गाठ काढली. घरच्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही, असा संकेत होता. रंगारी म्हणाला, "द्या, मी करतो." मी म्हटलं, "नको. माझा हात हलका आहे." सोमवारी दुपारी मी ती स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बघितली. अडतीस वर्षं जे बघत आलो होतो तेच होतं. पहिल्या नजरेत. मोठे डॉक्टर रजेवर होते, सही शुक्रवारी व्हायची होती.

तू लांबच्या गावी, तिथल्या हॉस्पिटलात एकटी डॉक्टर. बदली माणूस बोलवायला एक दिवस, प्रवासाला एक दिवस. सोमवारी संध्याकाळी तुझा फोन आला. "बाबा, काही दिसलं का? निघू का?" मी म्हटलं, "रिपोर्ट येऊ दे." मंगळवारी तेच. बुधवारी तू म्हणालीस, "बाबा, रिपोर्ट राहू दे. तुमचा डोळा काय म्हणतो?" मी म्हटलं, "डोळ्याला सहीचा अधिकार नाही." गुरुवारी तू फक्त "बरं" म्हणालीस. शुक्रवारी पहाटे तुझ्या आईच्या डोक्यात रक्तस्राव झाला. दुपारी सही झाली. शनिवारी तू आलीस. पुढचे नऊ दिवस ती डोळे उघडायची, मिटायची. शब्द नाही.

आणि ती गेल्यावर लोक भेटायला आले, त्यात रंगारी. बिचारा माझं कौतुक करायला गेला. "ह्यांनी सोमवारीच बघितलं होतं. चार दिवस एकट्यानं सोसलं, कुणाला कळू दिलं नाही. असा माणूस होणे नाही." तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघितलं. तुझी बॅग तासाभरात भरली होती.

आता जे तुला ठाऊक नाही ते.

नियम खरा होता. पण मी नियमाला घाबरून गप्प नव्हतो. नियम नसता तरी मी बोललो नसतो. मी तुला "ये" म्हटलं असतं तर तू आली असतीस, तुझा चेहरा बघून तिला कळलं असतं, आणि घरातलं सगळं बदललं असतं. मला ते चार दिवस हवे होते. जसे होते तसे. ती खिडकीजवळच्या पलंगावर बसून संत्री सोलायची, सालीचा एकही तुकडा तुटू न देता, आणि मला कविता म्हणायला लावायची. मी म्हटली की चूक काढायची. "दुसरं कडवं गाळलंत. आयुष्यभर गाळताय." तुझ्या गोष्टी सांगायची. पहिल्या दिवशी शाळेतून पळून येऊन तू टेबलाखाली लपलीस ती, वहीत माझ्या सहीची नक्कल केलीस ती. गुरुवारी तर इतकी हसली की टाके दुखले म्हणाली. त्या हसण्याला काही माहीत नव्हतं. मी ते सगळं प्यायलो, ठकू. त्यातलं निम्मं तुझं होतं. तुझ्या वाटणीचंही मीच प्यायलो.

बुधवारी तिनं विचारलं, "ठकू येतेय का?"

मी म्हटलं, "रिपोर्ट आला की येईल."

"मग लवकर येऊ दे बाई तो," ती म्हणाली, आणि संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवली.

हे मी तुझ्यापासून लपवलं होतं. रंगाऱ्यानं सांगितलं ते काहीच नव्हे.

— बाबा


१९ एप्रिल

ठकू,

काल जे घडलं ते घडलं त्याच क्रमानं लिहितो.

सकाळी दहाच्या सुमारास घरातला फोन वाजला. तारेचा. भिंगरीनं अर्जात तिच्या फोनबरोबर हाही नंबर दिला होता, कारण पेशींच्या खोलीत जाताना तिचा फोन बाहेर कपाटात ठेवावा लागतो. पलीकडे त्या संस्थेच्या कचेरीतली एक बाई. भिंगरीचा फोन लागत नाही, ती ह्या नंबरावर सापडते का? तुम्ही तिचे कोण?

"आजोबा."

"अय्या, आजोबा!" तिला काय झालं कोण जाणे, आवाजच बदलला. चांगली बातमी हातात असली की माणसाच्या जिभेला खाज सुटते. "तिचं नाव वर आलंय. समितीनं हो म्हटलंय. संचालकांची एक सही राहिलीय, ते गावाला आहेत. आले की स्वतःच तिला फोन करतील. हे मी तुम्हाला सांगायला नको होतं हं. तिला सांगू नका, आजोबा. सही व्हायच्या आत असलं काही बोलत नाहीत आम्ही."

मी म्हटलं, "कल्पना आहे."

फोन ठेवला. स्टुलावर बसलो. ठकू, चौदा वर्षांनी कुणीतरी पुन्हा माझ्या हातात तशीच ओली स्लाइड दिली होती. ह्या खेपेला बातमी चांगली होती, एवढाच फरक. बाकी सगळं तेच. मला माहीत, तिला नाही, आणि मध्ये एक सही. न सांगण्याची कारणं तर ह्या वेळी जास्तच चांगली होती. सही फिरली तर? पोरगी दहा नकार पचवून बसलीय, अकरावा असा तोंडाजवळ आणून काढून घेतला तर मोडेल. गप्प बसणं हेच शहाणपण, असं कुणीही म्हणालं असतं. मी स्वतःच म्हटलं. दोनदा.

मग चपला घातल्या.

प्रयोगशाळेच्या दारावरच्या पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही. निरोप धाडला. भिंगरी पांढऱ्या कोटात धावत बाहेर आली, हातमोजा एकाच हातातला काढलेला. "काय झालं? आई बरी आहे ना?"

आधी तू आठवलीस तिला. हे तुला कळावं म्हणून लिहितोय.

सायकली ठेवतात तिथे एक बाक आहे. तिला बसवलं आणि सांगितलं. शब्द न शब्द. सही राहिलीय हेही. तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले, एक मोज्यातला, एक उघडा. हसतेय की रडतेय कळेना. मग विचारलं, "सही राहिली म्हणजे होणारच ना?"

"माहीत नाही. अडतीस वर्षांत दोनदा मी सही फिरलेली पाहिलीय."

"मग सांगितलंत कशाला? उद्यापर्यंत थांबला असतात."

"थांबलो असतो तर तुझा आजचा दिवस मी खाल्ला असता. मला ती सवय आहे."

तिला कळलं नाही. कळायचं कारणच नव्हतं. म्हणून दुसरंही सांगितलं. सोमवारची स्लाइड, तुझे चार फोन, आजीची संत्री, सगळं. एका बाकावर बसून मी काल दोन रिपोर्ट तोंडी दिले, दोन्ही बिनसहीचे.

ती समोरच्या सायकलींकडे बघत होती. मग म्हणाली, "मुलाखतीत मी त्यांना सांगितलं..."

"माहीत आहे. भिंत पातळ आहे."

"म्हणजे मी अर्धंच सांगितलं."

"तुझ्याकडे होतं ते तू पूर्ण सांगितलंस. उरलेलं अर्धं माझ्याकडे होतं."

ती उठली. मोजा पुन्हा घातला. "पेशी बाहेर काढून ठेवल्यात," एवढंच म्हणाली आणि आत गेली. मी घरी आलो.

संध्याकाळी आली ती सरळ खोलीत. दार लावलं. तिनं तुलाच फोन केला असणार. भिंतीतून मला फक्त तिची बाजू ऐकू आली, तीही तुटक. "हो... बाकावर... हो, त्यांनीच... नाही, अजून सही नाही... आई, तू रडतेयस का?"

त्यापुढे मी नळ सोडून भांडी घासत बसलो. घासलेलीच.

— बाबा


२१ एप्रिल

ठकू,

फोन आलेला नाही. काल नाही, आज दुपारपर्यंतही नाही. संचालक गावाहून आले की नाही कोण जाणे. चावडीवर म्हणे कुणालाच काही ठाऊक नाही.

भिंगरी दोन दिवस माझ्याशी बेतानं बोलतेय. "मीठ द्या," "दिवा बंद करा," इतपत. माफी मी मागितलेली नाही, तिनं दिलेली नाही. पण आज सकाळी उशिरा उठलो तर टेबलावर चहा होता, वर बशी झाकलेली. आणि निघताना दारातून म्हणाली, "फोन आला तर उचला, आणि लगेच पळत या."

"पळत?"

"बरं, चालत. पण लगेच. सही असो नसो."

एवढ्यावर माझा दिवस चाललाय. खिडकीत बसून लिहितोय. समोरच्या गच्चीवर एक बाई गादी झोडपतेय, काठीचा फटका आधी दिसतो आणि मग ऐकू येतो. वाट बघणं म्हणजे तेवढंच का गं? काठी पडलेली दिसते, आवाज यायचा असतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, बाबा, उगाच कविता करू नका, तो ध्वनीच्या वेगाचा प्रश्न आहे. असतीस तर. हे दोन शब्द मी चौदा वर्षं दिवसातून किती वेळा...

बेल वाजतेय. टपालवाला असणार. बघून येतो.

टपालवाला नव्हता. तुझा नवरा आहे.

दारात उभा होता, प्रवासात चुरगळलेला सदरा, केस विस्कटलेले, एक मोकळा हात कुठे ठेवावा ते न कळल्यासारखा. मी "या, जावईबापू" म्हणायचंच विसरलो. त्यानंच वाकून नमस्कार केला आणि आत आला. आत्ता समोर खुर्चीत बसून पाणी पितोय. मी लिहितोय हे बघतोय आणि बघत नाही असं दाखवतोय.

मी विचारलं, "कधी निघालात?"

"काल दुपारी. अर्धा रस्ता गाडी मी चालवली, अर्धा तिनं."

"ती कुठाय?"

"खाली. गाडीत."

तोच पुढे म्हणाला, "लेकीचा फोन आल्यापासून धड जेवली नाही. तुमची सगळी पत्रं पिशवीत आहेत, वाटेत दोनदा काढून वाचली. काल दवाखान्यातून आली आणि एकच म्हणाली, चल, सही व्हायच्या आत पोचायचं. मी म्हटलं, निकाल तर लागू दे, मग जाऊ पेढे घेऊन. तर म्हणाली, निकालानंतर कुणीही पोचतं."

"वर येईल?"

"तसं काही म्हणाली नाही." त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "पण गाडीचं इंजिन बंद केलंय, बाबा. रस्ताभर जिथे जिथे थांबलो तिथे चालूच ठेवलं होतं तिनं. इथे आल्यावर बंद केलं."

तो म्हणतोय, मी जाऊन घेऊन येतो. मी त्याला बसवून ठेवलंय. फोन वाजला तर त्यानं उचलायचा, असं ठरलंय. बोलवायचं काम माझं होतं, चौदा वर्षांपूर्वीही माझंच होतं.

हे पत्र पेटीत टाकत नाही, हातात घेऊन येतोय. चार मजले आहेत, लिफ्ट नाही, आणि माझे गुडघे हल्ली प्रत्येक पायरीशी हुज्जत घालतात. वेळ लागेल. काय होणार, अजून कुणालाच माहीत नाही, भिंगरी पाचला येईल, तोवर तिघं मिळून वाट बघू.

तू थांब. मी उतरतोय.

— बाबा